डावा जरा मागे आहे

गाडी सुरू व्हायची, हीच खरी अडचण होती. दुसऱ्या-तिसऱ्या किकला, कधी पहिल्याच. धूर सोडायची, गल्लीतली कुत्री उठवायची आणि चालायचीही. त्यामुळे तिच्यात काही बिघाड आहे हे कुणाला पटेना. मी सांगायचो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना ती लंगडते, हँडल थरथरतं आणि रेस थोडी वाढवली की मागून कुणी ढकलल्यासारखी पुढे झेपावते. ऐकणारा हसायचा. "अहो, आरडी आहे ती, झेपावणारच!"

गाडी बाबांची. कागदावर राजदूत ३५०, पण तिला राजदूत कुणी म्हणत नाही, सगळे आरडीच म्हणतात. एस्कॉर्ट्‌सने यामाहाच्या सहकार्याने ती १९८३ मध्ये आपल्याकडे आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. मूळ जपानी यामाहा आरडीची ताकद ३९ अश्वशक्ती. आपल्याकडे पेट्रोलचा विचार करून ती ३०.५ वर आणली, आणि तरीही लोक कुरकुरतात म्हटल्यावर २७ ची दुसरी काढली. पहिली एचटी, म्हणजे हाय टॉर्क, दुसरी एलटी, म्हणजे लो टॉर्क. आमची एलटी. शंभर सीसीच्या गाड्या लिटरला ऐंशी किलोमीटरच्या गोष्टी करायच्या त्या काळात हिने पंचवीस दिले तरी मालक देवापुढे साखर ठेवायचा. बाबांना १९९२ साली ती सेकंडहँड मिळाली ती त्याच कारणाने. पहिल्या मालकाचं लग्न ठरलं होतं.

दोन सिलिंडर, म्हणून हवेत पेट्रोल मिसळून देणारे कार्बोरेटरही दोन. आपल्या रस्त्यांवर ही गोष्ट दुर्मिळ. बुलेटला एक, यझदीला एक, आरएक्सला एक, स्प्लेंडरला एक. चांगल्यातला चांगला मिस्त्री आयुष्यभर हजारो कार्बोरेटर खोलेल, धुवेल, बसवेल, आणि दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवण्याची वेळ त्याच्यावर एकदाही येणार नाही. त्यातून एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा हे धुराचे नवे नियम आल्यापासून नव्या गाड्यांतून कार्बोरेटरच जवळपास हद्दपार झालाय. गॅरेजमधली नवी पोरं लॅपटॉप जोडून बघतात. आरडीला लॅपटॉप जोडायला जागा नाही.

तरी एका गॅरेजमध्ये दिली होती. तिथल्या माणसाने माझ्यासमोर दोन्ही कार्बोरेटरचे एअर स्क्रू, म्हणजे हवेचं प्रमाण ठरवणारे, शेवटपर्यंत आत घेतले, मग मोजून दीड-दीड फेरा बाहेर काढले. आयडलचे, म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालावं ते ठरवणारे स्क्रूही दोन्हीकडे सारखेच फिरवले. "दोन्ही साइड सेम टू सेम," म्हणाला आणि आठशे रुपये घेतले. गाडी घरापर्यंत लंगडत आली.

ते सगळं बाबांनी पोर्चमधल्या खुर्चीत बसून ऐकलं. मग विचारलं, "दीड-दीड फेरा?"

"हो. दोन्हीकडे."

"आणि दोन्ही स्क्रू एकाच दिवशी जन्मले होते का?"

बाबा पस्तीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, करायच्या, बिघडल्या की प्रेसशॉपमध्ये जाऊन दुरुस्त करायच्या. प्रेसशॉपने त्यांचा डावा कान जवळजवळ पूर्ण नेला. उजवा ठीक आहे, म्हणजे त्यांना हवं ते ऐकण्यापुरता ठीक. त्यांच्या बोटांनी जे काम केलंय त्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकतोय, आणि तरी चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी दहाचा पाना आणि बाराचा पाना यांत डोळ्यांनी फरक करू शकत नव्हतो. माझी नोकरी खुर्चीवरची. टूलमेकरच्या घरात कीबोर्ड बडवणारा निपजला, असं बाबा पाहुण्यांना सांगत. आता सांगत नाहीत, पण ती सवय सुटलीय म्हणून. मत बदललंय म्हणून नाही.

"मी करतो," मी म्हणालो.

"कर," ते म्हणाले. पुढे काही सल्ला येईल म्हणून मी थांबलो. आला नाही.

पहिला रविवार मी स्क्रूंची वाट लावण्यात घालवला. कार्बोरेटर मिकुनीचे, म्हणजे जपानी, आणि त्यांच्या खालच्या वाटीला, फ्लोट बाऊलला, चार-चार स्क्रू. डोक्यावर अधिकचं चिन्ह. घरातला पेचकसही अधिकच्या चिन्हाचा. मी जोर लावला, पेचकस घसरून वर आला आणि चिन्हाच्या जागी एक गुळगुळीत खड्डा उरला. दुसऱ्याचंही तेच. मग कळलं की जपानी स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या पेचकसाला नीट बसत नाही. दिसायला जुळी, उतार वेगळा. अनेक जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो हेच सांगायला. इतकी वर्षं तो ठिपका तिथे होता. माझ्यासारख्यांना लिहिलेलं पत्रच ते, पण मी वाचायला शिकलो ते दोन स्क्रू बाद केल्यावर. बाबांनी छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन, स्क्रूच्या कडेला तिरपी टिचकी मारत, दोन्ही सोडवून दिले. तोंडाने काही बोलले नाहीत. टिचक्यांचा आवाज पुरेसा होता.

वाटीत तळाला हिरवट चिकट साका होता. गाडी बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, त्याचा काही भाग. उरलेला बहुधा हल्लीच्या पेट्रोलचा. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या गाड्यांच्या रबरी रिंगांना ते मानवत नाही, त्या फुगतात. आमच्या फ्लोट व्हॉल्व्हखालची एक रिंग भिजलेल्या साबुदाण्यासारखी टम्म झाली होती. ती बदलली. पेट्रोल ज्यांतून जातं त्या जेटच्या भोकांतून आरपार बघितलं. तांब्याच्या एका केसाने, म्हणजे जुन्या वायरची एक तार काढून, अगदी हलक्या हाताने भोकं मोकळी केली. त्यातही बाबांचं एक वाक्य आलंच. "भोक साफ कर, मोठं करू नकोस."

कार्बोरेटर आतून बघितला की हिरमोड होतो. एवढ्यासाठी एवढं? एक नळी, मधे अरुंद. अरुंद जागेत हवा वेगाने जाते, वेग वाढला की दाब घटतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल तिथे ओढलं जाऊन तुषार होऊन हवेत मिसळतं. बस्स. शाळेत ड्रॉइंगला स्प्रेवर्क करायला दोन नळ्यांची एक फुंकणी मिळायची, काटकोनात जोडलेली. एक नळी रंगाच्या बाटलीत, दुसरी तोंडात. फुंकर मारली की रंग आपोआप वर चढायचा आणि कागदावर फवारा. आम्ही रंग कमी आणि एकमेकांचे शर्ट जास्त रंगवले, पण तो हातातला कार्बोरेटरच होता हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी १८९३ साली अशाच तुषाराच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. म्हणतात की बुडापेस्टच्या रस्त्यावर एक फूलवाली नळीने फुंकर मारून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते बघून त्यांना सुचलं. खरं-खोटं फूलवालीला ठाऊक. त्याच वर्षी तिकडे जर्मनीत माइबाखनेही तुषाराचाच कार्बोरेटर केला. तो प्रसिद्ध झाला. फूलवालीची गोष्ट मात्र त्याच्याकडे नव्हती.

आरडीच्या कार्बोरेटरमध्ये त्या अरुंद जागेत वरून एक डबीसारखा पितळी तुकडा खालीवर होतो. त्याला स्लाइड म्हणतात. स्लाइडच्या पोटात एक सुई, ती खालच्या जेटमध्ये घुसलेली. रेस पिळली की केबल स्लाइड वर ओढते, हवेला वाट होते, सुईही वर येते आणि पेट्रोलची वाट रुंदावते. मुठीपासून एकच केबल निघते. पुढे गेल्यावर तिच्या तीन होतात. दोन दोन्ही कार्बोरेटरना, तिसरी टू-टी ऑइलच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनला लागणाऱ्या ऑइलच्या, पंपाला. मूठ एक, हात तीन.

आता जुळवायचं काय, तर या दोन स्लाइड. मी मूठ मिलिमीटरभर पिळली तर दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत आणि सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. एक आधी उठली आणि दुसरी झोपून राहिली, तर हळू वेगाला गाडी एकाच सिलिंडरवर चालते आणि दुसरा नुसता ओझ्यासारखा फिरतो. रेस आणखी दिली की तोही खडबडून जागा होतो. लंगडणं आणि झेपावणं म्हणजे हेच. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की कळल्याने काही होत नाही.

एअरबॉक्स, म्हणजे कार्बोरेटरला हवा पुरवणारा डबा, काढून मी कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारून बघत बसलो. मूठ हळू पिळायची, दोन्ही स्लाइडकडे एकदम बघायचं. एकदम बघता येत नाही. डावीकडे बघावं तर उजवी हलून गेलेली, उजवीकडे बघावं तर डावीचं काय झालं कोण जाणे. मी व्हर्नियर आणला. स्लाइडच्या खालच्या कडेपासून नळीच्या तळापर्यंतचं अंतर मोजलं. डावीकडे एक आकडा, उजवीकडे दुसरा. पुन्हा मोजलं तर दोन्ही आकडे तिसरेच. वहीत चौदा नोंदी केल्या. त्यांची सरासरीसुद्धा काढली, हे लिहिताना जरा लाज वाटते.

बाबा उठून आले. वही बघितली. ठेवली.

"मोजतोयस कशाला? ताडून बघ."

"म्हणजे?"

"टूलरूममध्ये डायल गेज कशाला असतं? जॉब किती मिलिमीटर आहे ते तो सांगत नाही. मास्टरपेक्षा, म्हणजे बरोबर धरलेल्या तुकड्यापेक्षा, किती कमी, किती जास्त, तेवढं सांगतो. तुझ्याकडे मास्टर नाही. मग एकाला मास्टर धर. उजवा बरोबर आहे असं समज."

"आणि उजवाच चुकीचा असला तर?"

"तर दोघं मिळून चुकतील. चालेल. इंजिनला चालतं. मग दोघांना एकदम सुधार."

हे वाक्य मी बराच वेळ डोक्यात घोळवलं. मी इतका वेळ प्रत्येकाला वेगवेगळं बरोबर करायला बघत होतो आणि मग ते आपोआप जुळतील अशी आशा ठेवून होतो. गॅरेजवाल्याचं 'दीड-दीड फेरा' तेच. चाळीसेक वर्षं जुन्या दोन वस्तूंना सारखा आकडा दिला म्हणजे त्या सारख्या वागतील, हा त्यातला भाबडेपणा. एका स्क्रूचं टोक जरा झिजलेलं, एका स्लाइडची कड जरा घासलेली, एक केबल जरा ताणलेली. आकडे सारखे, काम निराळं.

मग बाबांनी आईच्या सुया मागितल्या. म्हणजे मागितल्या असं म्हणता येणार नाही, कारण आई तेव्हा बँकेत गेली होती.

आई मोजे विणते. त्यासाठी वीतभर लांबीच्या, दोन्ही टोकं निमुळती असलेल्या सुया असतात, पाचांचा संच. अ‍ॅल्युमिनियमच्या, अकरा नंबर, म्हणजे बरोबर तीन मिलिमीटर जाड. बाबांनी डब्यातून दोन रिकाम्या सुया काढल्या. चार सुयांवर मोजा अडकलेला असता तर ते धाडस त्यांनीही केलं नसतं. "ड्रिल बिटनेही होतं हे," ते म्हणाले, "पण ते कडक. स्लाइडला ओरखडा पडला तर संपलं. ही मऊ आहे, आणि लांब आहे, म्हणून दिसेल."

मूठ थोडी पिळून दोन्ही स्लाइड वर घेतल्या, प्रत्येकीखाली एक सुई सरकवली आणि मूठ सोडली. स्लाइडनी सुया चिमटीत धरल्यासारख्या धरल्या. उरलेली लांबी कार्बोरेटरच्या तोंडातून मागे बाहेर, दोन मिशांसारखी आडवी. आयडलचे स्क्रू आधीच पूर्ण मागे घेतलेले, म्हणजे स्लाइडला टेकू फक्त सुईचाच.

"आता पिळ. हळू. कासवापेक्षा हळू."

पिळली. उजवी सुई टुणकन खाली झुकली. डावी आडवीच. आणखी पिळली, आणखी थोडी पिळली, मग कुठे तीही मान टाकून लवली.

दोन्हीकडे एकदम बघायची गरजच उरली नव्हती. नजर मधे ठेवायची, डावी सुई आधी पडते की उजवी, ते आपोआप कळतं. जे मला व्हर्नियरने चौदा वेळा सापडलं नव्हतं ते अकरा नंबरच्या सुयांनी एका फटक्यात उघड केलं. डावा मागे होता. जरा नव्हे, चांगलाच.

कारण हास्यास्पद होतं. डाव्या कार्बोरेटरच्या डोक्यावर केबलची ढील कमी-जास्त करायचा एक पोकळ बोल्ट असतो, त्याचा लॉकनट सैल होता. कंपनाने बोल्ट आटा-आटा करत आत गेला होता आणि केबल ढिली पडली होती. दोन रविवार जेट साफ करण्यात गेले, आणि आजार बाहेर, डोळ्यांसमोर, एका दहाच्या पान्याच्या अंतरावर. (बाबांना हे आधीच दिसलं होतं का, हे मी विचारलं. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला.)

बोल्ट बाहेर काढत गेलं की ढील निघते. पाव फेरा, सुया बसव, पिळ, बघ. पुन्हा पाव फेरा. असं करत दोन्ही सुया एकदम पडल्या. मला ओरडावंसं वाटलं. लॉकनट आवळला, खात्रीसाठी पुन्हा सुया लावल्या, आणि डावी पुन्हा मागे. नट आवळताना बोल्टही सोबत फिरला होता. एका पान्याने बोल्ट धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा. तरी तो किंचित हलतोच. मग कुणालाच आवडणार नाही असा उपाय: आवळल्यावर तो किती हलतो त्याचा अंदाज घेऊन, मुद्दाम तेवढाच चुकीचा लावायचा आणि मग आवळायचा. सहाव्या की सातव्या वेळी जमलं. माझ्या गुडघ्यांवर पोर्चच्या फरशीचे चौकोन उमटले होते.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते भराभरच झालं. आयडलचे स्क्रू आत घेत दोन्ही सुया एकदम सैल होईपर्यंत आणले, मग सुया काढून दोन्ही स्क्रू सारखे फेरे मोजत मागे. इथे फेरे मोजलेले चालतात, सुरुवातीपुरते. केबलची ढील बदलली की ऑइल पंपाचीही बदलते, हे विसरणारे पुढे पिस्टन जाम झाल्यावर आठवतात. पंपाच्या कप्पीवर एक खूण असते, ती ठरलेल्या जागी पिनेसमोर यायला हवी. तीही लावली. एअरबॉक्स परत बसवला. हे काम करायला निसर्गाने माणसाला तिसरा हात द्यायला हवा होता.

गाडी पोर्चमधून बाहेर काढली. बंद जागेत चालू इंजिनसमोर बसणं म्हणजे विषारी धुराला आमंत्रण, शिवाय आरडी हवेवर थंड होते आणि उभी असली की तिला हवा कोण घालणार? बैठकीतला टेबल फॅन वायर लावून गेटपाशी आणला आणि इंजिनच्या पंखांवर सोडला. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "गाडीला उकडतंय का रे?" हो म्हणालो. खरंच होतं ते.

आता एकेका सिलिंडरवर चालवून बघायचं. एका प्लगची टोपी काढायची, दुसऱ्या सिलिंडरवर इंजिन कसंबसं तगेल इतपत आयडल ठेवायचं, मग उलट. काढलेली टोपी अशीच लोंबकळत ठेवायची नाही, तिच्यात एक जादा प्लग खुपसून तो इंजिनच्या धातूला टेकवायचा, नाहीतर कॉइलवर ताण येतो आणि ठिणगीला पेट्रोलजवळ वाट मिळते. हे मला माहीत होतं. टेकवायचं ते इंजिनला, स्वतःला नाही, हे माहीत असूनही मी चालू इंजिनवर टोपी हाताने ओढली. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. बाबा हसले. गेल्या कित्येक महिन्यांतलं ते पहिलं मोकळं हसू, म्हणून करंट माफ.

आणि मग त्यांनी ते केलं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

इंजिन आयडलला, हजार-बाराशे फेऱ्यांवर, दोन्ही प्लगवर चालू. माझ्या कानाला एकसारखं वाटत होतं. मी विजयाने त्यांच्याकडे बघितलं. ते गाडीच्या मागे गेले, गुडघ्यावर टेकले, आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडांपासून वीतभर अंतरावर दोन तळहात धरले. डोळे मिटले. शहात्तर वर्षांचा माणूस, निळ्या धुरात, आरतीवर हात फिरवल्यासारखा.

"डावा जरा मागे आहे अजून."

"ऐकू तर येत नाहीये काही."

"मलाही नाही. म्हणून तर हात."

नंतर हिशेब केला. मिनिटाला बाराशे फेरे म्हणजे सेकंदाला वीस. टू-स्ट्रोक, म्हणून प्रत्येक सिलिंडरचा प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. आणि क्रँक १८० अंशांचा, म्हणून दोन सिलिंडर आळीपाळीने. तळहातावर सेकंदाला वीस थापा मोजणं अशक्य. पण मोजायच्या नव्हत्याच. दोन हातांवर सारखं वजन पडतंय की नाही, एवढंच. दोन्ही हात एकाच माणसाचे, एकाच वयाचे, सारखेच राबलेले. कानांचं तसं राहिलं नव्हतं. एक पूर्ण गेलेला, दुसरा अर्धा. त्या कानांवर डावं-उजवं ताडून बघणं म्हणजे गंजलेल्या तराजूवर सोनं तोलणं. हे त्यांना कधी कळलं, कारखान्यात की नंतर, मी विचारलं नाही.

त्यांनी हात पुढे केले. उजव्या तळहातावर ऑइलचे चार-दोन बारीक काळे ठिपके. डाव्यावर तिळाच्या वडीसारखे दाट.

"पंप दोघांना सारखंच ऑइल देतो," ते म्हणाले. "डाव्याला पेटवायला कमी मिळतं, म्हणून तो ते जाळत नाही, थुंकतो."

डाव्याचा आयडल स्क्रू नखभर आत घेतला. त्यांनी हात पुसून पुन्हा धरले. आणखी नखभर. मग म्हणाले, "आता तू."

मी बसलो. धूर डोळ्यांत. आधी काहीच कळेना, नुसती गरम फडफड. मग मीही डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच न करता बसलो. मग डाव्या हाताला जी फडफड होती ती उजव्यापेक्षा किंचित पातळ वाटली. वाटली की मला तसं वाटायला हवं होतं म्हणून वाटली? बाबांना सांगितलं नाही. स्क्रू केसभर आत घेतला. फडफड भरली. इंजिनचा वेग थोडा चढला, मग दोन्ही स्क्रू सारखे मागे घेऊन तो खाली आणला. त्या वेळी फेरे मोजले नाहीत.

संध्याकाळी प्राधिकरणातल्या रिकाम्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने नेली. लंगडली नाही. हँडल थरथरतं, पण आरडीचं हँडल थरथरतंच. रेस हळू दिली तर ती हळूच पुढे गेली. खरं सांगायचं तर थोडी निराशा झाली. मागून ढकलण्याची मला सवय झाली होती. पंधरा किलोमीटर फिरून दोन्ही प्लग काढून बघितले. उजवा भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा, डावा त्याहून अर्धी छटा गडद. बाबा म्हणाले पुढच्या रविवारी बघू. गाडीला नाही, तुला सराव हवाय.

रात्री आईने विणकामाचा डबा उघडला. आम्ही सुया साबणाने धुतल्या होत्या, दोनदा. तिने एक नाकाशी नेली आणि काही न बोलता जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ठेवून बोटाने ढकलली. सुई सरळ गडगडत गेली. दुसरी ठेवली, ढकलली. ती अर्ध्या फेऱ्यावर अडखळली, डुलली, पुन्हा गडगडली.

"वाकवलीत," आई म्हणाली.

बाबांनी वाकून काचेच्या पातळीला डोळा लावला. "दोन दशांश असेल."

"माझ्या मोज्यात दिसतं ते," आई म्हणाली, आणि ती सुई तिने त्यांच्यासमोर सरकवली.